मोठ्या प्लांटेड टँकसाठी लाइट कसा निवडावा: खानदेशातला उन्हाळा आणि भारनियमन धरून

चार-पाच फुटी प्लांटेड टँक, म्हणजे पाण्यातली झाडं लावलेला माशांचा टँक, करायचा ठरला की बहुतेक जण लाइट सगळ्यात आधी घेऊन येतात. दुकानात तो लावून दाखवतात, पाणी झगमगतं, सौदा होतो. झाडं कुठली, कार्बन डायऑक्साइड द्यायचा की नाही, टँक कुठल्या खोलीत, हे सगळं मग. दीड महिन्यात काचा हिरव्या होतात. झाडं वाढत नाहीत म्हणजे उजेड कमी पडतोय असं समजून आणखी एक पट्टी जोडली जाते आणि शेवाळ दुप्पट होतं.

क्रम उलटा हवा. पाण्याची उंची, झाडांची यादी, वायू (कार्बन डायऑक्साइड) आणि खत, खोलीतलं तापमान, विजेचा भरवसा या पाच गोष्टी कागदावर आल्या की लाइट त्यांतूनच ठरतो. खाली पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक धरून हिशोब मांडला आहे. आपल्या मापानुसार आकडे बदला, क्रम बदलू नका.

आधी जमवायच्या वस्तू

मोजपट्टी, पाण्यात बुडणारं थर्मामीटर, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणि लक्स मीटर (उजेड मोजणारं). लक्स मीटर नसेल तर लक्स दाखवणारं मोबाइल अ‍ॅप चालेल. त्याचा आकडा शंभर टक्के बरोबर नसतो, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतो. आणि एक वही. ही नसली की तीन महिन्यांनी काय बदललं आणि कधी, ते कुणालाच आठवत नाही.

टँक यायच्या आधी आठवडाभर त्याच जागी पाण्याने भरलेली मोठी बादली ठेवा. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच वाजता तिचं तापमान लिहा. बादलीचं पाणी टँकपेक्षा लवकर तापतं आणि लवकर निवतं, त्यामुळे दोन्ही आकड्यांची सरासरी टँकच्या जवळपास येते. हे काम एप्रिल-मेमध्ये झालं तर उत्तम. डिसेंबरात मोजून घेतलेला निर्णय भुसावळच्या मे महिन्यात टिकत नाही.

## १. टँक मोजा, पण लिटरवर विसंबू नका

१५० × ६० × ६० सेंटिमीटरचा टँक काठोकाठ ५४० लिटरचा. त्यातून काचेची जाडी, वरची पाच सेंटिमीटर मोकळी जागा, खाली पुढच्या बाजूला पाच आणि मागे दहा-बारा सेंटिमीटर माती, दगड आणि लाकूड वजा करा. प्रत्यक्षात पाणी उरतं साधारण ४०० लिटर. हिशोब या ४०० वर करायचा, दुकानदाराच्या ५४० वर नाही.

तरीही लिटर हा फसवा आकडा आहे. तेवढंच पाणी बुटक्या, पसरट टँकमध्ये असेल तर कमी ताकदीचा लाइट पुरतो आणि उंच टँकमध्ये दीडपट लागतो, कारण उजेड खाली जाताना पसरत आणि विरत जातो. म्हणून दुसरं माप घ्या: दिव्यापासून मातीपर्यंतचं अंतर. आपल्या उदाहरणात दिवा पाण्याच्या वर १५ सेंटिमीटर आणि पाणी मातीपर्यंत सुमारे ४७, म्हणजे ६२ सेंटिमीटर. लाइटची खरी परीक्षा या ६२ सेंटिमीटरच्या टोकाला होते.

टँक अजून करायला दिला नसेल तर उंची दोन फुटांऐवजी दीड फूट करा. लाइटचा खर्च उतरतो, काच स्वस्त पडते, आणि मागच्या कोपऱ्यातली झाडं छाटताना खांद्यापर्यंत हात भिजवावा लागत नाही. दोन फूट उंच टँकमध्ये हे काम दर आठवड्याला करावं लागतं, हे घेताना कुणी सांगत नाही.

तपासा: टँकला वर मधोमध काचेची आडवी पट्टी आहे का? मोठ्या टँकना ती बहुधा असते. तिची रुंदी आणि जागा लिहून ठेवा. मांडणीच्या वेळी लागेल.

## २. झाडांची यादी आधी, लाइट मग

झाडाला उपयोगी पडणारा उजेड ‘पार’ या मापाने मोजतात. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, हे ते मायक्रोमोलमध्ये सांगतं. लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) आणि लक्स (एका जागेवर पडणारा उजेड) ही माणसाच्या डोळ्यासाठीची मापं आहेत. डोळ्याला हिरवट-पिवळा जास्त दिसतो, म्हणून त्यांत त्या रंगाचं वजन जास्त असतं. मातीच्या पातळीवर साधारण इतका पार लागतो:

- १५ ते ३०: अनुबियस, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, जावा मॉस, व्हॅलिसनेरिया. वेगळा कार्बन डायऑक्साइड द्यायची गरज नाही.
- ३० ते ६०: अ‍ॅमेझॉन सोर्ड, हायग्रोफिला, बाकोपा, लुडविगिया. चाळिसाच्या वर गेलात तर वायू द्यावाच लागतो असं धरून चाला.
- ६० च्या वर: लालभडक रोटाला, ग्लॉसोस्टिग्मा, क्यूबाचा गालिचा. इथे वायूचा सिलिंडर, सोलेनॉइड (विजेवर उघडबंद होणारी त्याची झडप), रोजचं खत आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलणं, हे सगळं लागतं.

नवख्यांनी मोठा टँक तिसऱ्या गटावर बेतू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दोन फूट लांबीच्या टँकमध्ये शेवाळ आलं तर रविवार जातो. पाच फुटीत आलं तर महिना जातो.

खानदेशात आणखी एक चाळणी लावावी लागते. बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षाराचं असतं. व्हॅलिसनेरिया आणि हायड्रिला पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेतात, त्यामुळे वायू न देताही या पाण्यात त्या जोमाने वाढतात. क्रिप्टोकोरिनच्या बऱ्याच जाती आणि अ‍ॅमेझॉन सोर्डही जमवून घेतात. लाल रोटालाच्या नाजूक जाती मात्र या पाण्यात हट्टाने लावू नयेत. लाइट कितीही चांगला असला तरी शेंडे आखडतात आणि दोष लाइटवर जातो.

गिरणा-तापीच्या पात्रातून हायड्रिला फुकट आणायचा मोह होतो. आणलीच तर पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवा. तिच्याबरोबर गोगलगायी, जळवा आणि शेतातून वाहून आलेलं औषध येऊ शकतं.

थांबा: वायू द्यायचा की नाही, याचं उत्तर ‘बघू’ असेल तर ते ‘नाही’ समजा आणि लाइट पहिल्या गटासाठीच घ्या.

## ३. उन्हाळ्याचं गणित

एलईडी पाणी तापवतो, म्हणून लाइट कमी घ्यावा, असं बरेच जण सांगतात. करून बघू. १०० वॅटचा लाइट सात तास चालला तर ०.७ युनिट वीज जाते. तिची सगळी उष्णता ४०० लिटर पाण्यात उतरली असं धरलं तरी पाणी दीड अंशाने तापेल. पाण्यावर टांगलेल्या दिव्याची बरीच उष्णता हवेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. म्हणजे पाणी ३४ अंशांवर गेलं तर मुख्य दोष खोलीचा: वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब, पत्र्याचं छत, पश्चिमेची भिंत. जळगाव-भुसावळ पट्ट्यात बाहेरचा पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा अशा खोलीतलं पाणी लाइट बंद ठेवूनही तापतंच.

तरी उन्हाळ्यात लाइट कमी करावा लागतो. कारण वेगळं आहे. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर ७.५ च्या आसपास. कार्बन डायऑक्साइडही गरम पाण्यात कमी टिकतो. त्याच वेळी झाडांचा आणि माशांचा श्वासोच्छ्वास वाढतो. उजेड जास्त मिळाला की झाड जास्त वायू आणि खत मागतं. ते मिळालं नाही की पानं कमजोर होतात आणि शेवाळ त्यांच्यावर चढतं. शेतात खत टाकून पाणी तोडल्यावर पिकाचं जे होतं, तेच इथे होतं.

म्हणून लाइट घेतानाच तो कमी-जास्त करता येईल असा घ्या. संध्याकाळचं पाणी ३० अंशांच्या वर जायला लागलं की उजेड एक पायरी खाली आणा आणि वेळ सहा तासांवर. वायू वाढवून झाडं सांभाळायला जाऊ नका. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतील.

पाण्याच्या पृष्ठभागावर वारा देणारा छोटा पंखा कोरड्या हवेत दोन ते चार अंश उतरवतो. एप्रिल-मेमधली आपली कोरडी हवा त्याला फार अनुकूल. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण निम्म्यावर येतो. कूलरचा झोत टँकवर येऊ देऊ नका. तुषार आणि धूळ दोन्ही दिव्यावर बसतात.

इशारा: पंख्याने उडालेल्या पाण्याची भर बोअरच्या पाण्याने घालू नका. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, टीडीएस चढत जातो. भर आरओच्या पाण्याने घाला.

## ४. किती लुमेन?

आता आकडा काढता येतो. एलईडीसाठी ढोबळ ठोकताळा असा: पहिल्या गटाला दर लिटरला १० ते २० लुमेन, दुसऱ्याला २० ते ४०, तिसऱ्याला त्याहून जास्त. ‘गॅलनला इतके वॅट’ हा नियम जुन्या ट्यूबच्या काळातला आहे, तो विसरा.

आपल्या ४०० लिटरसाठी:

- सोपी झाडं: ४०० × १५ = ६,००० लुमेन
- मध्यम झाडं: ४०० × २५ = १०,००० लुमेन

साधा चांगला एलईडी एका वॅटला सुमारे १०० लुमेन देतो. म्हणजे ६० वॅट किंवा १०० वॅट. १०० वॅट रोज सात तास चालले तर महिन्याला सुमारे २१ युनिट.

हा अंदाज दीड ते दोन फूट उंचीच्या टँकसाठी ठीक. अडीच फुटी टँकला त्यावर सरळ तीस-चाळीस टक्के चढवा आणि आठव्या टप्प्यात मोजून बघा.

## ५. दिव्याचा प्रकार आणि खोक्यावरचे आकडे

अ‍ॅक्वेरियमचा तयार एलईडी. डिमर, रंग बदलायची सोय, नीटस दिसणं. दोष एवढाच की खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट यांत बराच फरक निघतो. घरच्या वीजमीटरवर तो पकडता येतो. मीटरवर ‘३२०० इंपल्स प्रति युनिट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्या मीटरवरचा आकडा वाचा. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त हा दिवा लावा आणि मीटरवरचा लाल दिवा सहा मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याला दहाने गुणा, मीटरवरच्या आकड्याने भागा, हजाराने गुणा. ३२०० च्या मीटरवर ३२ वेळा लुकलुकला तर दिवा १०० वॅटचा. १३ वेळाच लुकलुकला तर तो चाळीसचा आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

घरगुती एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखी लांब पट्टी. चार फुटी, २० वॅटची, सुमारे २,००० लुमेनची. दिसायला साधी, पण झाडाला दिसण्याचं काय? मध्यम झाडांना पाच, सोप्या झाडांना तीन. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि एक उडाली तर उरलेल्या चार चालू राहतात. मोठ्या टँकला, आणि तोही खिसा सांभाळून करायचा असेल तर, आमचा कौल हिलाच. दोन मर्यादा आहेत. ती मंद करता येत नाही, म्हणून तीन आणि दोन असे गट करून दोन वेगळ्या टायमरवर लावा. आणि साधी बॅटन पाण्याच्या वाफेपासून सुरक्षित नसते. एकतर आयपी ६५ दर्जाची बंदिस्त बॅटन घ्या, नाहीतर टँकवर काचेचं झाकण ठेवून तिच्या वर लावा.

पंख्याचा रेग्युलेटर लावून बॅटन मंद करण्याचा उद्योग करू नका. आधी ती लुकलुकते, मग ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग) जातो.

फ्लडलाइट. ताकद भरपूर, पण उजेड एकाच ठिकाणाहून येतो. पाच फुटी टँकला एक मोठा लावला तर मधली झाडं भाजल्यासारखी आणि कडेची अंधारात. लावायचेच तर ३० वॅटचे तीन, सारख्या अंतरावर.

खोक्यावर काय पाहायचं:

- रंग: ६५०० केल्विन. घरगुती खोक्यावर बहुधा ‘कूल डेलाइट’ असं लिहिलेलं असतं. ६००० ते ७५०० पर्यंत काहीही चालतं. केल्विनने झाडाची वाढ ठरत नाही, आपल्याला टँक कसा दिसतो ते ठरतं.
- सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप): ८० हवाच, ९० मिळाला तर लाल पानं आणि माशांचे रंग खुलतात.
- कोन: भिंग नसलेल्या एलईडीचा साधारण १२० अंश. दोन फूट उंच टँकला हा बरा. अडीच फुटांवर ९० अंशांचा.
- इनपुट व्होल्टेज: १०० ते २६५ किंवा तसलाच रुंद पल्ला. जिथे संध्याकाळी पंखे मंदावतात आणि रात्री बल्ब उडतात, तिथे हा आकडा लुमेनपेक्षा महत्त्वाचा.

निळे-जांभळे एलईडी भरलेला लाइट ‘झाडांसाठी खास’ म्हणून विकला जातो. झाडं त्याच्याखाली वाढतात, पण टँक जांभळा दिसतो आणि लक्स मीटर चुकीचं सांगतो. घरात बसून बघायचा टँक असेल तर पांढरा घ्या.

## ६. मांडणी

रुंदी दोन फूट असेल तर मधोमध एकच पट्टी लावायची चूक करू नका. मातीवर उजेड ठीक पडतो, पण मागची उंच झाडं पृष्ठभागापर्यंत आली की त्यांच्या मागे सावली पडते. शिवाय उजेड पाण्यात शिरताना आतल्या बाजूला वळतो, म्हणून काठावरची झाडं हवेतल्या कोनावरून वाटतं त्यापेक्षा अंधारात असतात. दोन ओळी करा: पुढची पुढच्या काचेपासून १५ सेंटिमीटर आत, मागची मागच्या काचेपासून १५. पाच बॅटन असतील तर मागे तीन, पुढे दोन. पुढे गालिचा लावायचा असेल तर उलट.

पाच फुटी टँकवर चार फुटी बॅटन मधोमध लावली की दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सेंटिमीटर उरतात. तिथे अनुबियस आणि जावा फर्न. किंवा पुढची ओळ डावीकडे आणि मागची उजवीकडे सरकवा.

मधली काचेची पट्टी दिव्यांना आडवी असते, तिची सावली फार नसते. खरी सावली तिच्यावर साचलेल्या पाण्याची आणि क्षाराची. स्वच्छ काचेचं झाकण आठ टक्क्यांच्या आसपास उजेड खातं. क्षाराचा पांढरा थर बसलेलं झाकण किती खातं ते एकदा स्वतः मोजा: दिव्याखाली मोबाइल ठेवा, त्यावर झाकण धरून लक्स बघा, मग काढून बघा.

दिवे अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलवर बसवा आणि अँगल साखळीने छताला किंवा टँकच्या दोन्ही टोकांच्या उभ्या पायांवर टेका. उंची १० ते ३० सेंटिमीटरमध्ये बदलता आली पाहिजे. उजेड जास्त झाला तर वर उचलणं हा सगळ्यात स्वस्त डिमर.

टँकवर लाकडी बंद हूड (दिवे झाकणारं खोकं) असेल तर मागची बाजू मोकळी ठेवा. ड्रायव्हरवर साधारण ४० ते ५० अंशांपर्यंतच्या हवेची मर्यादा छापलेली असते. मेमध्ये खोलीच ४० वर असते, हूडच्या आत त्याहून जास्त. ड्रायव्हर वेगळा करता येत असेल तर हूडच्या बाहेर काढा. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांमागे साधारण निम्मं होतं.

## ७. वीज

इथे घाई नको. पाणी, क्षार आणि २३० व्होल्ट एकत्र आहेत.

१. टँकच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. साधा एमसीबी माणसाला वाचवत नाही.

२. अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्चपासून आठवड्यातून एकदा त्यात पाणी ओता.

३. बोर्ड टँकच्या काठापेक्षा वर, बाजूला. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब तळाशी गळून पडतो, सॉकेटमध्ये जात नाही.

४. दिवे आणि वायूचा सोलेनॉइड मेनच्या लाइनवर, फिल्टर आणि एअर पंप इन्व्हर्टरवर. वीज गेली की उजेड आणि वायू दोन्ही थांबायला हवेत, पाणी मात्र फिरत राहायला हवं. सोलेनॉइड नसेल आणि सिलिंडर उघडाच राहत असेल, तर अंधारात वायू साचून मासे दगावतात.

५. टायमर डिजिटल आणि आत सेल असलेला घ्या. पिनांचा फिरता टायमर वीज गेली की थांबतो. दुपारी दोन तास भारनियमन झालं की तो दोन तास मागे पडतो. आठवड्यात तीनदा झालं की सहा तास, आणि मग दिवे मध्यरात्री लागलेले दिसतात. वायफायचा प्लग असेल तर वीज परत आल्यावर तो आपोआप चालू होतो की बंद राहतो, हे एकदा मुद्दाम प्लग काढून तपासा.

वीज गेल्यामुळे बुडालेले तास रात्री भरून काढू नका. एखाद दिवस चार तास उजेड मिळाला म्हणून झाड मरत नाही. वेळ रोज हलली तर मात्र वायूची वेळ बिघडते आणि काळं केसाळ शेवाळ धरतं.

## ८. पाणी भरण्याआधी मोजणी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि पाणी भरलं की तो करता येत नाही. खोली अंधारी करा. दिवे अंतिम उंचीवर लावा. मातीच्या पातळीवर नऊ ठिकाणी लक्स घ्या: पुढे, मध्ये, मागे अशा तीन ओळी आणि प्रत्येकीत डावीकडे, मधोमध, उजवीकडे. मोबाइल वापरत असाल तर त्याचा प्रकाश-सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. तो वर करून मोबाइल आडवा ठेवा आणि स्वतःची सावली पडू देऊ नका.

पांढऱ्या ६५०० केल्विनच्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की पारचा जवळपासचा आकडा येतो. म्हणजे २,१०० लक्स म्हणजे ३० पार, ३,५०० लक्स म्हणजे ५०. पाणी भरल्यावर हा आकडा थोडा हलतो, पण कुठे जास्त आणि कुठे कमी, हे चित्र कायम राहतं.

तपासा: नऊपैकी सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या निम्म्याहून खाली आहे का? असेल तर दिवे वर उचला किंवा ओळी बाजूला सरकवा, आणखी दिवा घेऊ नका. नऊ आकडे वहीत टँकच्या नकाशावर लिहा आणि झाडं त्या नकाशाप्रमाणे लावा.

याच वेळी खिडकीही तपासा. दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं, आणि आपण तीन-साडेतीन हजारांचा हिशोब करतोय. पश्चिमेच्या खिडकीतून साडेचारला काचेवर येणारी तिरीप पंधरा मिनिटांचीच असली तरी पडदा लागतो. टायमरला ऊन बंद करता येत नाही.

## ९. पहिले सहा आठवडे

सुरुवातीला पूर्ण ताकद लावू नका. नवी झाडं रुजत असतात, बरीचशी जुनी पानं टाकतात, आणि एवढ्या उजेडाला खाणारं टँकमध्ये शेवाळच असतं.

- आठवडा १ ते ३: निम्मी ताकद, सहा तास. बॅटन असतील तर पाचपैकी दोनच.
- आठवडा ४ ते ५: नवे कोंब दिसत असतील तरच तिसरी बॅटन, किंवा डिमर दहा टक्के वर. वेळ तीच.
- आठवडा ६ पासून: दर दहा-पंधरा दिवसांनी एकच बदल. आधी ताकद, मग वेळ. आठ तासांच्या वर जाऊ नका.

वायू देत असाल तर तो दिवे लागण्याच्या दीड-दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिवे बंद होण्याच्या एक तास आधी बंद व्हावा. ड्रॉप चेकर (पाण्यातला वायू रंगावरून दाखवणारी छोटी काचेची कुपी) दिवे लागताना पोपटी असला पाहिजे. निळा असेल तर उजेड वाढवायचा विचारच करू नका.

वेळ कोणती? घरची माणसं संध्याकाळी टँकसमोर बसतात, पण उन्हाळ्यात पाणी त्याच वेळी सगळ्यात गरम असतं. मार्च ते जून सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सात ते दहा असे दोन तुकडे करा. वायू न देणाऱ्या टँकला हे सरळ जमतं. वायू असेल तर तुकडे न करता सकाळचीच वेळ बरी, कारण दिवसातून दोनदा तो योग्य पातळीवर आणणं कटकटीचं.

## १०. झाडं काय सांगतात

- काच पुसल्यावर दोन-तीन दिवसांत हिरवे कडक ठिपके: उजेड जास्त, किंवा फॉस्फेट कमी. आधी ताकद वीस टक्के कमी करून दोन आठवडे थांबा.
- पानांच्या कडांना काळे केस: वायू कमी-जास्त होतोय. लाइट आहे तसाच ठेवा, टायमर आणि सिलिंडर बघा.
- पाणीच हिरवं: बहुतेक वेळा खिडकीतलं ऊन किंवा जास्त खाद्य. टँक तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवा, हवा चालू ठेवा.
- देठ लांबुळके, दोन पानांतलं अंतर जास्त, खालची पानं गळणं: उजेड खरंच कमी. हे एकच लक्षण लाइट वाढवायला सांगतं. त्यातही आधी झाकणाची काच पुसून बघा.

कारण क्षाराच्या पाण्यात तो थर सारखा परत येतो. झाकण आणि दिव्याची खालची बाजू दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसा. पांढरा थर निघत नसेल तर दिवे बंद करा, प्लग काढा आणि झाकण बाहेर नेऊन लिंबूसत्वाच्या पाण्याने घासा: एक लिटरला दोन चमचे, दहा मिनिटं भिजू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा. दिव्याच्या काचेवर हे पाणी थेट ओतू नका, फडक्याला लावून पुसा. पावसाळ्यात उघड्या टँकवर किडे येतात. मासे त्यांच्यावर ताव मारतात, पण किड्यांमागे पालही येते आणि पाण्यात पडते. जून ते सप्टेंबर झाकण ठेवाच, आणि ते असताना लक्स किती भरतो, ते नऊ आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवा.